तीनशे एकोणऐंशी पायऱ्या

कावळा आला नाही बघा. दहाव्याला अग्रणी नदीच्या काठावर ऊन चांगलं चढेपर्यंत सगळे वाट बघत बसले. पिंडाजवळ तुमच्या आवडीची शेंगाची चटणी ठेवली होती, ज्वारीची भाकरी ठेवली होती, कुणीतरी चहाचा कपसुद्धा आणून ठेवला. समोरच्या बाभळीवर तीन कावळे होते, पण एकही खाली उतरला नाही. मग रीतीप्रमाणं माणसं तुमचं काय राहिलंय ते शोधायला लागली. थोरल्या भाऊजींनी सांगितलं, बागेची काळजी करू नका. तुमच्या हाताखाली शिकलेल्या दत्तूनं हात जोडून सांगितलं, दिल्लीचं दुकान चालू ठेवतो. कुणी नातीच्या शिक्षणाचं बोललं. कावळे जागचे हलले नाहीत. शेवटी आपला संजा बोलला.

"आणि काय ऱ्हायलं असंल त्यांचं? सगळी दिल्ली बघून झाली. बघायची ऱ्हायली ती आमचीच."

गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि विधी उरकून घेतला. मी बायकांत बसले होते. तुमचं काय राहिलंय ते त्या काठावर मला एकटीला ठाऊक होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. तेव्हापासून घास गोड लागत नाही. काल तेरावा झाला, पाहुणे गेले, म्हणून आज अंगणवाडीची जुनी कोरी वही काढून तुमच्याशी बोलायला बसले आहे. समोर होता तेव्हा मी तुम्हाला बोलू दिलं नाही. आता माझं तरी ऐकून घ्या.

लग्नाच्या पुढच्या वर्षी तुम्ही गलाईला दिल्लीला गेलात. त्यात नवल काही नव्हतं. कवठे महांकाळच्या आसपास एक घर असं नाही की ज्यातला माणूस कुठल्यातरी लांबच्या शहरात सोनारांच्या गल्लीत भट्टी लावून बसलेला नाही. जुने दागिने वितळवायचे, सोनाराच्या दुकानातला केर जाळायचा, तेजाबात घालून त्यातलं सोनं वेगळं काढायचं. तुम्ही करोल बागेत, मी इथं. सासू-सासरे, दोन पोरं, अंगणवाडी आणि पाऊस चुकवणारं रान माझ्या वाट्याला. वर्षातून एकदा गावच्या जत्रेला तुम्ही आठ दिवस यायचा. त्या आठ दिवसांत अर्धी गल्ली आपल्या कट्ट्यावर गोळा व्हायची, कारण तुम्ही दिल्ली सांगायचा.

काय सांगायचा हो तुम्ही! लाल किल्ल्याचा दरवाजा केवढा, संगमरवरावर फुलं कशी कोरलीत, आणि मग शेवटी कुतुबमिनार. पोरं त्याचीच वाट बघत बसायची. "तीनशे एकोणऐंशी पायऱ्या. मी मोजल्यात," असं म्हणून तुम्ही थांबायचा. पोरं श्वास धरायची. वर पोचल्यावर वारा इतका की डोक्यावरची टोपी दोन्ही हातांनी धरायला लागते, खाली माणसं मुंग्यांएवढी दिसतात, लांब यमुना चांदीच्या तारेसारखी चमकते. मी आत भाकरी थापत ऐकायची. खरं सांगते, मला कौतुक वाटायचं नाही. मी इथं टँकरपुढं घागरी लावून उभी राहते आणि हा माणूस मिनारावर उभा राहून वारा खातो, एवढंच माझ्या डोक्यात यायचं. एकदा तर जेवताना मी तोंडावर बोलले, की तुमचं बरं आहे, राजधानीत राहायचं आणि राजवाडे बघत हिंडायचं. तुम्ही मान खाली घालून जेवत राहिलात. चोराच्या मनात चांदणं, असं मी तेव्हा समजले.

संजाचं तर तुम्हाला माहीतच आहे. दहा वर्षांचा असताना जत्रा संपल्यावर दप्तरात दोन सदरे भरून तो तुमच्याआधी एसटी स्टँडवर जाऊन उभा राहिला होता. पुढच्या साली नेतो, म्हणालात. पुढच्या साली पुन्हा पुढच्या साली. सातवीनंतर त्यानं विचारायचं सोडलं. तुम्ही आलात की तो रानात जाऊन बसायचा. मोठा झाला, द्राक्षबाग उभी केली, त्याला पोरगी झाली, पण एक वाक्य त्याच्या तोंडून काही गेलं नाही. तुमचा विषय निघाला की म्हणायचा, "आण्णांनी मला न्यायला पायजे हुतं."

आणि नेलंत तुम्ही मला. म्हणजे मीच तुम्हाला नेलं. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दत्तूच्या पोरीचं बारसं होतं, मी अंगणवाडीचं काम सोडलं होतं, मिरजेहून गाडीत बसले आणि आयुष्यात पहिल्यांदा तुमची दिल्ली बघितली. तुमची दिल्ली म्हणजे जिन्याखालची एक खोली. काळी पडलेली भिंत, भट्टी, पंखा, तेजाबाचा वास, वर माळ्यावर अंथरूण. दाराशी हात धुवायचा टब, ज्यातलं पाणी कधी फेकायचं नाही, कारण त्यात सोन्याचा कण असतो. मी खोलीत चारी बाजूंना बघितलं आणि खिडकी शोधली. खिडकी नव्हती.

दत्तूनं दिल्ली दर्शनच्या बसची दोन तिकिटं आणली. तुम्ही एकदम अंग काढून घेतलंत. माझं सगळं बघून झालंय, तिला एकटीला जाऊ दे, गाईड असतो, मराठी माणसंबी असतात, म्हणालात. मी म्हटलं, तीस-पस्तीस वर्षं पोरांना दाखवली, एक दिवस मला दाखवा की. त्या सकाळी सदरा घालायला तुम्हाला जेवढा वेळ लागला तेवढा लग्नातही लागला नसेल.

बसमध्ये तुम्ही खिडकीशी बसलात. गाईड माईकवर हिंदीत भराभर सांगत होता, दर ठिकाणी किती मिनिटं ते बजावत होता. मला वाटलं होतं तुम्ही त्याच्याआधी सांगाल. रस्ते मोठे व्हायला लागले, दोन्ही बाजूंना झाडी आली, मी सारखी विचारत होते, आता काय येणार, आता काय येणार. "बघ की तूच," एवढंच तुम्ही म्हणायचा. मी समजले, चेष्टा करताय.

मग मिनार आला. आधी झाडांच्या वर नुसतं टोक दिसलं, आणि बसमधून उतरून आत गेल्यावर तो सगळाच्या सगळा समोर उभा राहिला. मी काय बघणार म्हणून गेले होते कुणास ठाऊक. देवळाचं शिखर बघितलं होतं, साखर कारखान्याची चिमणी बघितली होती. पण हे दगडाचं होतं आणि त्याच्या अंगावर पट्टेच्या पट्टे अक्षरं कोरलेली होती, जिथं कुणाची नजरसुद्धा पोचत नाही तिथंपर्यंत. ज्यानं वरची अक्षरं कोरली त्याला माहीत असणार की खालून ती कुणालाच वाचता यायची नाहीत. तरी त्यानं हात आखडला नाही. मान मागं टाकून बघता बघता डोक्यावरचा पदर घसरला, तो सावरायचं मला सुचलं नाही. डोळ्यांत पाणी आलं, का ते सांगता येत नाही.

गाईड म्हणाला, आत तीनशे एकोणऐंशी पायऱ्या आहेत. माझी छाती फुगली. मी शेजारच्या लातूरच्या बाईंना सांगितलं, आमचे हे वर जाऊन आलेत. गाईडनं ते ऐकलं. हसून म्हणाला, मावशी, आत मोठा अपघात झाला होता, त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हापासून वर कुणालाच सोडत नाहीत.

मी हिशेब केला. चाळीस वर्षांपूर्वी मी परकर नेसून शाळेत जात होते. तुमचा माझा संबंधच नव्हता आणि तुम्ही दिल्लीचं तिकीट काढलं नव्हतं. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही मिनाराकडं बघत होता. कान लाल झाले होते. तरी मी स्वतःला समजावलं, ओळखीपाळखीनं गेले असतील, वॉचमन मराठी असेल. माणूस आपल्या माणसाला खोटं ठरवायला किती टाळतो बघा.

पण पुढं तो लोखंडी खांब आला आणि तिथं काहीच झाकून राहिलं नाही. पटांगणाच्या मधोमध, भोवती कठडा, काळसर, तीन-चार पुरुष उंच. बाकीच्या लोकांनी फोटो काढले आणि पुढं गेले. तुम्ही थांबलात. गाईड सांगत होता की सोळाशे वर्षं ऊन-पाऊस खाऊन याला गंज चढलेला नाही. तुम्ही टोपी काढलीत. देवळात गेल्यावर काढता तशी. कठड्याला धरून, डोळे बारीक करून तुम्ही तो खांब वरून खाली आणि खालून वर बघायला लागलात. मी इतक्या वर्षांत तुमचा चेहरा तसा बघितला नव्हता. आपल्याला पहिलं पोरगं झालं तेव्हासुद्धा तुम्ही एवढे दिपला नव्हता.

"आगं, मुठीएवढ्या मुशीतलं सोनं ओतताना आमचा हात कापतो," तुम्ही म्हणालात. "ह्यो एवढा जाळ कुणी सांभाळला असंल? कुणाच्या हाताखाली शिकली असतील ती माणसं?"

तिथं मला कळलं. मिनारावर नाही, तिथं. सगळं आयुष्य धातूत घालवलेला माणूस हा खांब एकदा बघून गेला असता, तर त्यानं घरी येऊन दुसरं काही सांगितलंच नसतं. लाल किल्ला नाही, फुलं नाहीत, यमुना नाही. आठही दिवस खांबच सांगितला असता. आणि तुमच्या एवढ्या वर्षांच्या गोष्टींत खांबाचं नावही नव्हतं. तुम्ही तिथं कधी आलाच नव्हता. तुम्ही माझ्याइतकेच नवे होता. मला राग यायला हवा होता. पण तुम्ही टोपी हातात धरून उभे होता आणि मला तुमच्याकडं बघून नुसतं भरून आलं.

गाईडनं सांगितलं, पूर्वी लोक खांबाला पाठ लावून मागं दोन्ही हातांनी मिठी घालायचे. हात जुळले तर मनातलं पुरं होतं म्हणायचे. आता कठडा घातलाय. लोक पुढं गेले तसे तुम्ही कठड्याला पाठ लावलीत आणि हात मागं नेलेत. मध्ये खांब नव्हता, नुसती हवा होती, तरी तुमचे हात जुळेनात. भट्टीतून चिमट्यानं मूस उचलून उचलून उजवा खांदा आखडलेला. तुम्ही ओशाळून हसलात. मी मागं गेले, तुमचा डावा हात धरला, उजवा हात धरला आणि दोन्ही जुळवले. चार माणसांत मी तुमचा हात तोपर्यंत कधी धरला नव्हता. तुम्ही डोळे मिटून काहीतरी मागितलंत. काय ते सांगितलं नाही. गाईड शिट्टी वाजवत होता.

त्यानंतर दिवसभर मी दोन्ही बघत होते, दिल्ली आणि तुम्हाला. कमळाच्या आकाराच्या त्या पांढऱ्या मंदिरात एवढी माणसं होती आणि पायाचा आवाज सोडून काही ऐकू येत नव्हतं. तिथं तुम्ही माझ्या कानात विचारलंत, की ह्याला मधी खांब कसा न्हाई. इंडिया गेटवर नावंच नावं कोरलेली होती. आपल्याकडची कुणी असतील म्हणून तुम्ही बोट वर करून एकेक अक्षर लावत राहिलात आणि बस आपल्यासाठी दहा मिनिटं खोळंबली. लोक कुरकुरले, तुम्हाला पत्ताच नव्हता. दुपारी तुमच्या खांद्यावरची धूळ झटकायला मी हात उचलला तर तुम्ही पटकन मनगट धरलंत, "झटकू नगंस." गलाईवाला अंगावरचा सदरा कधी उघड्यावर झटकत नाही. मग तुमचं तुम्हालाच हसू आलं, आता हितं कुठलं सोनं म्हणालात. पण धूळ तशीच राहू दिलीत.

लाल किल्ल्यावर गाईड म्हणाला, सोमवार सोडून रोज या. सोमवारी बंद असतो. तुम्ही सहज बोलून गेलात, "आमच्या बाजाराची बी सुट्टी सोमवारचीच. आनी सुट्टीदिशी केर जाळायची भट्टी." बोललात आणि तोंड दुसरीकडं फिरवलंत. समोर तो लाल दगडाचा एवढा मोठा तट, संध्याकाळचं ऊन त्याच्यावर. तुमच्या खोलीपासून एका बसच्या अंतरावर तो इतकी वर्षं उभा होता. माझा नवरा राजधानीत वारा खात नव्हता. त्याला वारा माहीतच नव्हता. मग त्यानं तो वारा आणला कुठून, ती टोपी दोन हातांनी धरायचं सुचलं कसं? चौकात विकायला असतात तसल्या चित्रांवरून, गिऱ्हाइकांच्या बोलण्यावरून, कशाकशावरून तुम्ही आमच्यासाठी एक अख्खी दिल्ली बांधली होती. अंगणवाडीत जन्मभर मी पोरांना गोष्टी सांगितल्या, पण अशी एक मला जमली नाही. मिनार बघून मान मागं गेली होती. हे कळल्यावर खाली बसावंसं वाटलं.

परतीच्या बसमध्ये दिवे लागायला सुरुवात झाली होती. तुम्ही माझ्याकडं न बघता म्हणालात, "आगं, एक सांगायचं हाय."

मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे आवं. बघू द्या मला निवांत."

मला वाटलं, मी मोठं मन दाखवलं. तुमची लाज राखली. नंतर नंतर शंका यायला लागली, की मी तुमच्या छातीवरचा दगड उतरू दिला नाही. त्यानंतर तुम्ही कायमचे घरी आलात. नात तुमच्या मांडीवर बसून मिनार ऐकायची आणि तुम्ही चोरून माझ्याकडं बघायचा. मी भाकरी थापत राहायची. संजाशी मात्र तुमचं जुळलं नाही. तो बागेत, तुम्ही कट्ट्यावर. मी मध्ये पडून एक वाक्य बोलले असते तर जुळलं असतं. पण पोरासमोर बाप खोटा पडेल म्हणून मी गप्प बसले. मग तुमची छाती भरायला लागली. डॉक्टरनं काय धंदा करत होता ते विचारलं, मी तेजाब म्हटलं, त्यांनी नुसती मान हलवली. मिरजेच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात नाकावरची नळी बाजूला करून तुम्ही पुन्हा म्हणालात, ते दिल्लीचं एक सांगायचं ऱ्हायलंय. मी नळी नीट लावली आणि म्हटलं, बरं झाल्यावर सांगा. दोनदा मी तुमचं तोंड धरलं. याची माफी कुणाकडं मागू?

तर आता ऐका. मी सांगितलं संजाला. दहाव्यालाच, नदीवरून आल्यावर, कट्ट्यावर, मांडवाच्या सावलीत बसवून सगळं सांगितलं. तुम्हाला राग येईल, येऊ द्या. मिनार बंद होता ते सांगितलं, खोलीला खिडकी नव्हती ते सांगितलं. तुला नेलं नाही, कारण नेऊन दाखवणार काय होते, भट्टी? आणि पोरगं दारात उभं राहून म्हणालं असतं, चला आण्णा, मिनारावर, तर कुठं नेलं असतं? तो लांब बागेकडं बघत ऐकत होता. शेवटी त्यानं एकच विचारलं.

"सोमवारी बी न्हाई?"

"सोमवारी केराची भट्टी," मी म्हटलं.

मग मी त्याला खांब सांगितला. तुम्ही टोपी काढलीत ते सांगितलं. तुमचे हात जुळले नाहीत आणि मी जुळवले, तेही सांगितलं. संजा उठला. मांडवाचा लोखंडी डांब अजून काढला नव्हता. त्याला पाठ लावून तो उभा राहिला आणि हात मागं नेले. त्याचा खांदा चांगला आहे, हात लगेच जुळले. तरी मी मागं जाऊन धरले. त्याच्या तळव्यांना बागेतल्या औषधाचा वास येत होता.

त्याचे हात धरले आणि माझ्या मनात आलं, की मी समजत होते तुम्ही मिनाराचंच सांगणार म्हणून. पण तुम्हाला खांबापाशी मागितलेलं सांगायचं असेल तर? ते मी आता कुणाला विचारू? मला ठाऊकच आहे म्हणून मी जे ऐकायचं टाळलं ते कदाचित मला ठाऊक नव्हतंच, आणि ऐकलं असतं तर तुमच्या हयातीतच पुरं करता आलं असतं.

संजा डोळे मिटून उभा होता. लहान असताना स्टँडवर उभा होता तसा, ताठ.

"आण्णांनी मला न्यायला पायजे हुतं," तो म्हणाला.

हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकत आले आहे. या वेळी ते म्हणताना तो रडत होता, आणि बराच वेळ त्यानं हात सोडवून घेतले नाहीत.